दानिओची पिल्लं पाचव्या दिवशी मरतायत, मोठे मासे मात्र ठणठणीत

पाणवठा | २२ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज मदत मागायला लिहितेय.

मी वाघोलीत राहते. चार वर्षांपासून घरी झेब्रा दानिओ आहेत आणि आजवर पिल्लं काढताना कधी अडचण आली नाही. लहान टाकीच्या तळाशी गोट्यांचा थर देते, रात्री दोन माद्या आणि तीन नर सोडते. सकाळी दिवा लागला की अर्ध्याएक तासात अंडी गोट्यांच्या फटीत पडलेली असतात. मग आईबापांना लगेच बाहेर काढते, नाहीतर तेच अंडी फस्त करतात. अंडं राईच्या दाण्याएवढं, काचेसारखं आरपार. लेकीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की दुसऱ्या दिवशी हृदय उडताना दिसतं, कानाच्या जागी दोन काळसर खडे दिसतात. आम्ही दोघी त्या काचेवरून उठत नाही.

पण एप्रिलपासून चार खेपा वाया गेल्या. अंडी फुटतात, तिसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर येऊन काचेला चिकटून राहतात, तोवर सगळं नेहमीसारखं. पुढे ज्यांनी वर येऊन पोहायला लागायचं ती तळाला आडवी पडतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी संपतात. काहींची छाती फुग्यासारखी पाण्यानं भरलेली दिसते. शेवटच्या खेपेत साधारण १४० अंड्यांतून ९ जगली, त्यातल्या दोघांचा कणा वाकडा आहे.

पाणी बोअरचं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) पूर्वी ४८० यायचा, आता ४९०. पीएच ७.८, तापमान २७-२८, अमोनिया शून्य. खायला शेवाळाचं हिरवं पाणी आणि कापडातून गाळलेला उकडलेल्या अंड्याचा बलक. यातलं काहीच बदललेलं नाही. मोठे मासे मजेत आहेत, अंडीही भरपूर देतात. कुठं चुकतंय?

कोथरूडचा_टँक | २२ जून, रात्री ११.०२

ताई, पाचवा दिवस म्हटलं की पहिला संशय उपासमारीवर. पिल्लू जन्मताना पोटाशी बलकाची शिदोरी घेऊन येतं, ती याच सुमारास संपते. त्या वेळी तोंडात मावेल असं जिवंत खाद्य समोर नसेल तर दोन दिवसांत खेळ खलास. अंड्याचा बलक अजिबात देऊ नका, खाण्यापेक्षा नासतो जास्त. पॅरामिशियम द्या, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म एकपेशी जीव. माझ्याकडे कायम असतं, हवं तर बाटली भरून देईन. तुमचं पाणी ठीक दिसतंय, टीडीएस तोच आहे म्हणजे पाणी तेच आहे.

वीस वर्षं हेच करतोय, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतोय.

पाणवठा | २३ जून, सकाळी ७.३०

धन्यवाद दादा, पॅरामिशियम नक्की घेईन. पण एक सांगायचं राहिलं. छाती फुगायला सुरुवात होते तिसऱ्या दिवशीच. तेव्हा बलक शिल्लक असतो, काचेखाली स्पष्ट दिसतो. भुकेनं मरायला तेव्हा वेळ असतो ना?

जुनी_शिक्षिका | २३ जून, दुपारी २.४०

पाणवठा, तुमच्या दुसऱ्या प्रतिसादात खरी खूण आहे. जरा सविस्तर लिहिते. महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा विषय मुलांना नेहमी घाईत शिकवला जातो याची मला आजही रुखरुख आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. रक्तात सोडियम लिटरला १५० मिलिमोलच्या आसपास, आणि नदीच्या पाण्यात बहुतेक वेळा एक मिलिमोलसुद्धा नसतं. म्हणजे दोन गोष्टी रात्रंदिवस चालू असतात. बाहेरचं पाणी आत घुसत राहतं आणि आतले क्षार बाहेर झिरपत राहतात. मनुका पाण्यात टाकली की टम्म फुगते, तीच ओढ. मासा फुगून मरत नाही, कारण त्याची मूत्रपिंडं सतत पातळ लघवी बाहेर टाकतात आणि कल्ल्यांमधल्या काही खास पेशी पाण्यातून एकेक आयन, म्हणजे क्षाराचा विद्युतभारित कण, उचलून आत घेतात. ऑगस्ट क्रोघ या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात हे दाखवून दिलं. त्यानं गोल्डफिशना क्षार नसलेल्या पाण्यात ठेवून त्यांच्या अंगातले क्षार कमी होऊ दिले, मग अगदी फिक्या खारट पाण्यात सोडलं. माशांनी त्या फिक्या पाण्यातून क्लोराइड ओढून घेतलं. उताराच्या उलट, शक्ती खर्चून.

आता पिल्लाकडे या. तिसऱ्या दिवसाच्या पिल्लाला कामाचे कल्ले नसतातच. मग ते क्षार घेतं कुठून? कातडीतून. मोठ्या माशाच्या कल्ल्यांत असतात तशा पेशी, त्यांना आयनोसाइट म्हणतात, पिल्लाच्या अंगभर आणि विशेषतः बलकाच्या पिशवीवरच्या पातळ कातडीत विखुरलेल्या असतात. झेब्रा दानिओत त्या अंडं घातल्यापासून पहिल्या दिवसाच्या आसपास, म्हणजे पिल्लू अंड्यात असतानाच दिसू लागतात. कल्ले तयार होऊन हे काम पूर्णपणे उचलतात ते दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. आपण शाळेत कल्ले म्हणजे श्वास एवढंच शिकतो. पण ट्राउटच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात कल्ले क्षार घेण्याचं काम आधी सांभाळतात आणि प्राणवायू घेण्याचं काम नंतर, असं दिसलं. मला हे पहिल्यांदा वाचताना फार आनंद झाला होता.

मूत्रपिंडाचं तर विचारूच नका. माणसाच्या एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या घरात गाळण्या असतात. दानिओच्या पिल्लाला दोन, डावी एक आणि उजवी एक. दुसऱ्या दिवशी त्या सुरू होतात आणि आत घुसणारं सगळं पाणी त्या दोघींनी उपसायचं. पाणी उपसण्यापेक्षा जास्त वेगानं आत आलं की ते साठतं आणि पहिल्यांदा हृदयाभोवती दिसतं. तुम्ही पाहिलेली फुगलेली छाती ती हीच असावी.

म्हणून मला वाटतं, उपासमार हे दुसरं कारण असेल, पहिलं नाही. पाण्याच्या क्षारांत काहीतरी बदललंय.

कोथरूडचा_टँक | २३ जून, दुपारी ३.१५

मॅडम, समजावून सांगितलंत छान, पण टीडीएस ४८० चा ४९० झालाय फक्त. क्षार तेवढेच आहेत ना?

भिगवणकर | २३ जून, रात्री ९.२०

टीडीएसचं मीटर बाजूला ठेवा. ते एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतं, काय विरघळलंय ते सांगत नाही. ताई, जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा (हार्डनेस), किती आहे? थेंबाथेंबानं मोजायची बाटली मिळते, ती आणा. रंग बदलेपर्यंत जितके थेंब, तितक्या डिग्री.

विचारायचं कारण सांगतो. मी बरीच वर्षं मत्स्यबीज केंद्रावर काम केलंय. रोहू, कटला, मृगळ. इंजेक्शन दिलं की मादी रात्री अंडी सोडते. अंडं पाण्यात पडल्यावर पाणी पिऊन फुगतं आणि साबुदाण्यासारखं होतं, आणि पावसाळ्याच्या उबदार पाण्यात १४ ते १८ तासांत फुटतं. त्यातून निघतं त्याला आम्ही मत्स्यजिरे म्हणतो, खरंच जिऱ्याच्या दाण्यासारखं दिसतं. तीन दिवस बलकावर काढतं. या तीन दिवसांत पाणी कसंय यावर सगळा हंगाम अवलंबून असतो. एका वर्षी नवीन विहिरीचं पाणी घेतलं. चवीला चांगलं, नितळ, टीडीएसला काही खोट नाही. आणि जिरे हौदाच्या तळाला बसायला लागले. आमच्या जुन्या साहेबांनी पाणी तपासून आणलं तर कॅल्शियम जवळजवळ नाहीच, सगळा सोडा. हौदात कॅल्शियम क्लोराइड सोडायला लागलो तेव्हा पुढची खेप उभी राहिली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की अंडी आणि जिरे असलेल्या पाण्याचा हार्डनेस लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ५० च्या वर असला तर झोप लागते.

मोठा मासा त्याच पाण्यात तग धरतो. त्याला खाद्यातूनही कॅल्शियम मिळतं, हाडांत साठा असतो. जिऱ्याकडे साठा कुठला?

पाणवठा | २६ जून, रात्री ८.५०

जीएचची बाटली आणली. पाच मिलिलिटर पाणी घेतलं, पहिला थेंब टाकला आणि रंग बदलला. म्हणजे एक डिग्रीसुद्धा नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. आमच्याकडे नळाच्या तोटीवर पांढरा थर जमायचा, बादलीला खरवड धरायची, ते बोअरचं पाणी हे?

आणि मग एकेक आठवायला लागलं. मार्चच्या शेवटापासून अंघोळीनंतर अंग निसरडं वाटतं, साबण जातच नाही असं. नवीन तोटीवर थर नाही. वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, खाली मोठा सॉफ्टनर बसवलाय ना, मिठाच्या गोण्या येतात दर आठवड्याला." आम्हाला कुणी एका शब्दानं कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर चार खेपा गेल्या नसत्या. याचं मला खरंच वाईट वाटतंय.

रेझिन | २६ जून, रात्री ९.३५

माझं रोजचं कामच सॉफ्टनरचं, म्हणून लिहितो.

टाकीत राळेचे बारीक मणी असतात, मोहरीसारखे. त्यांवर सोडियम चिकटवलेलं असतं. जड पाणी वरून सोडलं की मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवून पुन्हा तयार करायचे, त्या गोण्या त्यासाठी. क्षार कमी होत नाहीत, अदलाबदल होते. म्हणून टीडीएस तसाच राहतो, थोडा वाढतोसुद्धा. ताईंच्या ४८० चे ४९० झाले ते असेच.

हिशेब करून बघा. आधी जीएच किती होता?

पाणवठा | २६ जून, रात्री ९.४८

दोन वर्षांपूर्वी मोजला होता, वहीत १७ लिहिलंय.

रेझिन | २६ जून, रात्री १०.०५

मग १७ डिग्री म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या जरा वर. ते सगळं काढून सोडियम भरलं की सोडियममध्ये साधारण ६ मिलिमोलची, म्हणजे लिटरला १४० मिलिग्रॅमची भर पडली. कॅल्शियम जवळपास शून्य.

एक उपाय हाताशी असेल. बहुतेक सोसायट्यांत बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधी जोडलेला असतो, कारण झाडांना सोडियमचं पाणी चालत नाही. त्या नळाचं पाणी मोजून बघा.

कोथरूडचा_टँक | २६ जून, रात्री १०.३०

टीडीएसबद्दल मी चुकीचं बोललो, मान्य. पण एक शंका राहतेच. लोक आरओच्या पाण्यात निऑन टेट्राची पिल्लं काढतात. तिथं जीएच एकच्या आसपासच असतो. मग त्यांची का जगतात?

पेट्रीडिश | २७ जून, पहाटे १२.४०

कोथरूडचा_टँक, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. मी प्रयोगशाळेत दानिओवरच काम करते, सध्या रात्रीची पाळी आहे, त्यामुळे सावकाश लिहिते.

निऑन टेट्रा हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या आम्लधर्मी, जवळजवळ क्षार नसलेल्या पाण्यातला मासा. त्याची क्षार उचलण्याची यंत्रणा त्या पाण्यासाठीच घडलेली आहे, अत्यंत फिक्या पाण्यातूनही तो सोडियम पकडतो. दानिओ आपल्याकडचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे, भातखाचरं, साचलेली डबकी, हे त्याचं घर. एकाची रीत दुसऱ्याला लावता येत नाही.

आता पिल्लाच्या कातडीत काय चालतं ते. जुन्या शिक्षिकांनी म्हटलेल्या आयनोसाइट एकाच प्रकारच्या नसतात. दानिओत काही पेशी आम्ल बाहेर टाकून सोडियम आत घेतात, काही सोडियम आणि क्लोराइड जोडीनं घेतात, आणि एक जात कॅल्शियमसाठी राखीव. या कॅल्शियमवाल्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला कॅल्शियमपुरतं दार असतं. आत आलेलं कॅल्शियम मागच्या अंगानं पंप करून रक्तात ढकललं जातं. पाण्यात कॅल्शियम कमी झालं की पिल्लू दारं वाढवतं, अशा पेशीही जास्त घडवतं. तैवानमध्ये पुंग-पुंग ह्वांग यांच्या गटानं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे पिल्लू हतबल नसतं, जुळवून घेतं. पण त्याला वेळ लागतो, शक्ती लागते आणि उचलायला निदान थोडं तरी कॅल्शियम लागतं.

जिवंत पिल्लाला एक खास रंग दिला की या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात. बलकाच्या गोळ्यावर ठिपके ठिपके, दिवाळीत लांबच्या टेकडीवरून दिसणाऱ्या पणत्यांसारखे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला फोन करून उठवलं होतं.

कॅल्शियमचं दुसरं काम तितकंच मोठं आहे. कातडीच्या पेशी एकमेकींना जिथं चिकटतात ते सांधे कॅल्शियममुळे घट्ट राहतात. बाहेर कॅल्शियम नसलं की सांधे सैल पडतात. मग पाणी जास्त घुसतं, सोडियम जास्त गळतं. ताईंच्या पाण्यात सोडियम भरपूर आहे, पण भिंतच गळकी असेल तर भरून उपयोग काय? शिवाय याच दिवसांत हाडं धरायला सुरुवात होते, तेव्हा मागणी वाढते. तुम्ही पाहिलेले कानातले दोन खडे कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात.

आम्ही अंडी ज्या पाण्यात ठेवतो त्याला ई-थ्री म्हणतात. लिटरभर शुद्ध पाण्यात साधारण ०.२९ ग्रॅम मीठ, ०.०१३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.०४८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ०.०८ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. हार्डनेस ६६ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे पावणेचार डिग्री. बघा, यात सोडियम ५ मिलिमोल आहे, ताईंच्या सॉफ्टनरच्या पाण्याशी मिळतंजुळतं. फरक फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा.

खुद्री | २७ जून, सकाळी ९.१०

सुंदर धागा. थोडं अवांतर लिहितो, पण विषयाला धरून आहे.

पिल्लाच्या कातडीतल्या या पेशींवरचं पुष्कळ मूळ काम तिलापियावर झालंय, म्हणजे भिगवणकरांच्या उजनीतल्या चिलापीच्या जातभाईवर. ती मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली. टोकियोतल्या शास्त्रज्ञांनी तिच्या भ्रूणापासून बलकाची पिशवी वेगळी काढून नुसता तो गोळा पाण्यात जिवंत ठेवला. समुद्राच्या पाण्यात टाकल्यावर त्या गोळ्यावरच्या पेशी स्वतःहून मोठ्या झाल्या. मेंदू नाही, मासाच नाही, तरी कातडीला पाणी कळतं!

आणि ताई वाघोलीच्या आहेत म्हणून आठवलं. विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्यानं पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महसीर माशाचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केलं, त्याचं शास्त्रीय नाव आजही खुद्री. त्याच १८३९ साली जर्मनीत स्टॅनियस या शरीरशास्त्रज्ञानं माशाच्या मूत्रपिंडाजवळ बारीक पांढरे कण पाहिले. ते कशासाठी आहेत हे पुढं शंभराहून अधिक वर्षांनी कळलं. रक्तात कॅल्शियम वाढलं की त्यांतून संप्रेरक सुटतं आणि बाहेरून कॅल्शियम घेणं आवरतं. पेट्रीडिशनं सांगितलेल्या दारांची कडी ती ही.

सायक्सच्या त्या नदीच्या काठी आज कुणी मासा शोधायला उभं राहिलं तर काय सापडेल, हा विचार मला सोडत नाही.

जुनी_शिक्षिका | २७ जून, सकाळी ११.२५

पाणवठा, आता अंदाज पुरे, ताडून पाहा. एकाच सकाळची अंडी घ्या, तीन सारखे वाडगे, प्रत्येकात मोजून ४० अंडी. पहिल्यात सॉफ्टनरचं पाणी. दुसऱ्यात तेच पाणी, पण कॅल्शियम क्लोराइड घालून. तिसऱ्यात बागेच्या नळाचं एक भाग आणि आरओचं दोन भाग. तापमान एक, खाद्य एक, आणि खाद्य कोथरूडच्या दादांचं पॅरामिशियमच असू दे, म्हणजे त्यांची शंकाही तपासली जाईल. रोज मेलेली मोजायची आणि वहीत लिहायची. वहीत लिहिणं लेकीला सांगा.

पेट्रीडिश | २७ जून, दुपारी १२.१०

दुसऱ्या वाडग्यासाठी: १५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लिटरभर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं १० मिलिलिटर दर लिटरला घातलं की हार्डनेसमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅमची, म्हणजे साडेपाच डिग्रीच्या वर भर पडेल. बागेच्या पाण्याचा जीएच अजून १७ असेल तर तिसरा वाडगाही तेवढ्याच्या जवळ येतो, तुलना चांगली होईल.

खायचा चुना कृपया वापरू नका. कॅल्शियम त्यातही आहे, पण तो पीएच एकदम इतका चढवतो की पिल्लं तासाभरात जातील.

भिगवणकर | २७ जून, रात्री ८.००

आणि जगलेली ९ पिल्लं आहेत त्यांना एकदम चांगल्या पाण्यात उचलून टाकू नका. पिशवीतले जिरे हौदात सोडताना आम्ही पिशवी तरंगत ठेवतो, ओंजळ-ओंजळ पाणी आत घालतो. ताईंनी हवेच्या नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडावं, दोन-तीन तास घ्यावेत. चांगल्या पाण्यातसुद्धा धक्का बसतो.

कोथरूडचा_टँक | २८ जून, दुपारी १.३०

ताई, रविवारी कोथरूड डेपोच्या स्टॉपवर बाटली घेऊन थांबतो. दोन बाटल्या देतो, एक बिघडली तर हाताशी दुसरी असू दे. झाकण पूर्ण लावू नका, हवा लागते.

पाणवठा | ११ जुलै, रात्री ९.१५

उशीर झाला, पण आठ दिवस पुरे झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

बागेच्या नळाचा जीएच १६ आला. रेझिन, तुमचा अंदाज खरा ठरला, तो नळ सॉफ्टनरच्या आधीच आहे. दादांनी दिलेलं पॅरामिशियम चौथ्या दिवसापासून तिन्ही वाडग्यांत सारखंच, चमच्यानं मोजून.

लेकीच्या वहीतलं उतरवते. तिसऱ्या दिवशी तिन्हीकडे जवळजवळ सगळी अंडी फुटली. पहिल्या वाडग्यात त्याच संध्याकाळी अकरा पिल्लांची छाती फुगलेली, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. पाचव्या दिवशी सकाळी तिसऱ्या वाडग्यातली पिल्लं पाण्याच्या मध्यावर आडवी तरंगत, मध्येच तुरुतुरु पुढे जात होती. वाताशय (पोटातली हवेची पिशवी) भरलेलं दिसत होतं, डोळ्यांमागे लहानसा चमकता बुडबुडा. दुसऱ्या वाडग्यातली दुपारपर्यंत वर आली. पहिल्यातली बरीचशी तळालाच.

आठव्या दिवशी जिवंत: पहिल्यात ६, दुसऱ्यात २९, तिसऱ्यात ३३.

दुसऱ्या वाडग्यातला आकडा पाहिला तेव्हा मी काही वेळ बोललेच नाही. तेच पाणी, तोच नळ. फक्त चमचाभर कॅल्शियम.

कोथरूडचा_टँक | ११ जुलै, रात्री ९.४०

खूप बरं वाटलं वाचून. पहिल्या वाडग्यातही माझंच पॅरामिशियम होतं आणि तरी ती गेली, म्हणजे भूक हे मूळ कारण नव्हतं. माझ्याकडेही नळाचं पाणी नसतं तेव्हा मी आरओचं भरत होतो, त्या खेपा का बिघडायच्या हे आत्ता कळतंय. आज जीएचची बाटली घेऊन आलो. महापालिकेच्या पाण्याचा माझ्याकडे ३ आला, आरओचा शून्य.

पेट्रीडिश | ११ जुलै, रात्री ११.५५

तीन डिग्री म्हणजे ई-थ्रीच्या थोडंच खाली, दानिओला पुरेसं. धरणाचं पाणी सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, खडकात फार काळ न मुरलेलं, म्हणून हलकं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांत मुरून येतं, म्हणून जड. दोन्हींत पिल्लं वाढतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेवढं घालवून घ्या.

एक सावधगिरी. हलक्या पाण्यात तांब्याची औषधं फार जपून. तांबं सोडियम आत घेण्याची वाटच अडवतं, आणि पाण्यात कॅल्शियम कमी असलं की त्याचा घाव जास्त खोल बसतो. बाटलीवरची मात्रा मोठ्या माशांची असते.

पाणवठा | १२ जुलै, सकाळी ६.५०

अजून एक विचारायचं होतं. दुकानदार म्हणाला होता की पिल्लांच्या पाण्यात चमचाभर मीठ टाका, सगळं ठीक होईल. ते टाकलं असतं तर चाललं असतं का?

जुनी_शिक्षिका | १२ जुलै, सकाळी १०.३०

मिठाचा उपयोग आहे, पण वेगळा. थोड्या मिठानं आतल्या-बाहेरच्या खारटपणातलं अंतर कमी होतं, पिल्लाचे कष्ट वाचतात. नवीन टाकीत नायट्राइट वाढलं तर मीठ अगदी जीव वाचवतं. नायट्राइट क्लोराइडच्याच वाटेनं आत शिरतं, रक्ताचा रंग तपकिरी होतो आणि प्राणवायू वाहून नेणं थांबतं. पाण्यात क्लोराइड भरपूर असलं की त्या वाटेवर नायट्राइटला जागा मिळत नाही. पण मिठात कॅल्शियम नाही. तुमच्याकडे सोडियम आधीच होतं, उणीव दुसऱ्याच गोष्टीची होती.

आणि हा प्रयोग एकदा झालाय. पुन्हा करा, वाडग्यांच्या जागा बदलून.

भिगवणकर | १२ जुलै, दुपारी ४.१५

परवा १० जुलै होती, मत्स्य शेतकरी दिन. १९५७ साली ह्याच तारखेला हिरालाल चौधरींनी ओडिशात कार्पला इंजेक्शन देऊन अंडी काढून दाखवली, त्यावर आमच्यासारख्यांचं आयुष्य उभं राहिलं. ताईंचा निकाल त्याच आठवड्यात आला, मला फार आनंद झाला.

आता पिल्लं खायला लागली की खाद्याकडे बघा. कॅल्शियम पाण्यातून मिळतं, पण हाडाला स्फुरदही (फॉस्फरस) लागतं आणि ते पाण्यात जवळजवळ नसतं, खाद्यातूनच यावं लागतं. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, सुरू करा. कणा सरळ राहील.

पाणवठा | २६ जुलै, रात्री ८.३०

दुसऱ्यांदा केलं, जागा बदलून. पहिल्यात ९, दुसऱ्यात ३१, तिसऱ्यात ३०. वहीचे फोटो जुन्या शिक्षिकांना निरोपात पाठवलेत.

आधीची पिल्लं आता बोटाच्या नखाएवढी झालीत, निळे पट्टे उमटायला लागलेत. वाकड्या कण्याची दोन होती त्यातलं एक अजून आहे, हळू पोहतं, पण आर्टेमिया पकडतं. सोसायटीच्या सूचनाफलकावर मी एक कागद लावलाय, बागेच्या नळाचं पाणी कशासाठी लागेल ते लिहून. दोन घरांतून विचारायला आले, एकाकडे गप्पी आहेत, एकाकडे एंजल. आणि वॉचमनकाका रविवारी सकाळी न सांगता माझी निळी बादली त्या नळाखाली भरून ठेवतात.

दादा, तुमच्या दोन्ही बाटल्या धुऊन ठेवल्यात. पॅरामिशियम माझ्याकडेही वाढलंय, परत देताना भरूनच देईन.